शेडमधलं काम: काय बनवलंत, काय दुरुस्त केलंत? (सांगली-मिरज-कुपवाड)

कानस

जुना धागा फार लांबला, मोबाईलवर उघडायला वेळ लागतो म्हणून हा नवीन. नेहमीसारखंच, शेडमधे जे काही बनवलंत किंवा दुरुस्त केलंत ते इथं टाका. नुसता फोटो नको. काय बिघडलं होतं, ते कसं सापडलं, काय सामान लागलं हे लिहा, पुढच्याला त्याचाच उपयोग होतो.

नवीन लोकांसाठी थोडक्यात. विश्रामबागेकडं एका रिकाम्या गोडाऊनमधे, म्हणजेच आपल्या शेडमधे, आम्ही काही जण रविवारी सकाळी जमतो. सुतारी टेबल आहे, छोटा लेथ आहे, सोल्डरिंगचं सामान, मीटर, शिलाई मशीन, आणि लोकांनी घरातनं आणून दिलेली हत्यारं. फी नाही, पार्ट लागला तर ज्याचा त्यानं आणायचा. नियम एकच आणि त्यावर मी ठाम आहे: ज्याची वस्तू त्यानं शेजारी बसायचं. ठेवून जातो, संध्याकाळी नेतो, हे चालत नाही. वस्तू उघडलेली बघितली की माणूस ती पुढं नीट वापरतो, आणि परत तेच बिघडलं तर स्वतः हात घालतो.

माझ्याकडून सुरुवात करतो. शेजारच्या आजींचं पायमशीन. त्यांच्या लग्नात माहेरून आलेलं, काळं, त्यावरची सोनेरी वेलबुट्टी अजून शाबूत. तक्रार अशी की चाक जड फिरतंय आणि मधेच टाके सुटतात. घरातले म्हणत होते भंगारात घाला, मोटारवालं नवीन घेऊ, आजी तयार नव्हत्या. वरची पट्टी काढून बॅटरी मारली तर आत प्रत्येक सांध्यावर पिवळट चिकट थर. खोबरेल! वर्षानुवर्षं मशीनला खोबरेल घातलेलं. ते थंडीत थिजतं आणि नंतर वाळून चिकटा होतो, मग चाक फिरणार कसं. तेलाच्या भोकांत थोडं रॉकेल सोडायचं (हल्ली सहज मिळत नाही, पेंटच्या दुकानातलं टर्पेंटाइन चालतं), चाक हातानं फिरवत राहायचं, चिकटा बाहेर येईल तसा चिंधीनं पुसायचा, परत सोडायचं. शेवटी कोरडं पुसून मशीनचं पातळ तेल. टर्पेंटाइन त्या सोनेरी नक्षीवर सांडू देऊ नका, नक्षी उठते.

चाक हलकं झालं तरी टाके सुटतच होते. सुई नवीन घातली, तरी तेच. मग टायमिंग बघितलं. सुई पार खाली जाऊ द्यायची, तिथनं ती दोनेक मिलिमीटर वर आली की त्या क्षणाला शटलचं (खालचा दोरा धरणारा फिरता भाग) टोक बरोबर सुईच्या मागं, नेढ्याच्या जरासं वर यायला पाहिजे, कारण सुई वर यायला लागली की दोऱ्याचा जो छोटा फास सुटतो तो त्या टोकानं उचलायचा असतो. इथं सुईचा दांडा सरकून खाली आला होता, टोक येईपर्यंत नेढं अजून खालीच. दांड्याचा स्क्रू सैल केला, किंचित वर घेतला, आवळला. आजी शेजारी स्टुलावर बसून सगळं बघत होत्या आणि स्क्रू आवळताना त्यांनीच चाक धरलं. आता त्यांना तो फास कुठं सुटतो ते माहीत आहे.

खणभागची लेक

कानसदादा, फार मस्त. माझ्या मशीनला पण टाके सुटतात पण फक्त जाड कापडावर, साध्या कॉटनवर एकदम सरळ चालतंय. हे पण टायमिंगच का?

कानस

ताई, फक्त जाडावर असेल तर आधी सुई बघा. साध्या कॉटनला १४ नंबर ठीक, जीन्स, पडदे, पिशव्या असलं काही असेल तर १६ किंवा १८ लावा. बारीक सुई जाड कापडात वाकते आणि शटलपासून लांब जाते. आणि सुई बसवताना जिकडं लांब खाच आहे त्या बाजूनंच दोरा ओवायचा, सपाट बाजू शटलकडं. निम्म्या तक्रारी एवढ्यावरच मिटतात.

खणभागची लेक

१८ लावली, झालं काम. धन्यवाद.

आता माझं. वाकळ पूर्ण झाली, फोटो देतेय. सासूबाईंच्या जुन्या सुती साड्या, आत तीन थर, वरचा थर मात्र मी तुकडे जोडून केला. मधला भाग मशीनवर शिवला नाही, सगळा धावदोरा हातानं. आमच्याकडं कडेनं सुरू करून आत आत येत मध्यावर संपवतात, चौकोनात चौकोन. असं केलं की कापड मधे गोळा होत नाही, पण त्यासाठी आधी थर जमिनीवर ताणून सगळीकडं मोठे कच्चे टाके घालून घ्यावे लागतात, ती पायरी सोडली तर सगळं वाकडं. शेडमधे दोन सुतारी टेबलं जोडून त्यावर पसरली म्हणून कंबर वाचली. सिंथेटिक साड्या घालू नका कोणी, स्वस्तात होतं पण ती वाकळ सरकत राहते आणि उन्हाळ्यात अंगावर नको वाटते.

कुपवाडकर

लई भारी ताई. वरच्या कोपऱ्यातला तो जांभळा तुकडा इरकलीचा हाय का?

खणभागची लेक

हो, काठ इरकलीचाच. फाटलेली होती पण काठ मजबूत होता.

कुपवाडकर

माझं छोटं काम. घरचा छतपंखा ५ वर ठेवला तरी १ सारखा फिरालता. बायको म्हणाली नवीन आणूया. काढून शेडमधे नेला, कपॅसिटर मीटरवर लावला तर २.५ लिहिलेला कपॅसिटर दीडच्या आसपास दाखवालता. नवीन तेवढ्याच मापाचा बसवला, पंखा पळायला लागला. पन्नास-साठ रुपयात मिळतोय. बेअरिंगचा आवाज पण होता म्हणून तेही बदललं, ६२०२ नंबर. नवीन लोकांनी एवढंच ध्यानात ठेवा, मेन स्विच बंद केल्यावर पण कपॅसिटरच्या वायरींना डायरेक्ट हात लावायचा नाही, आत करंट साठलेला असतो.

आर्मेचर

बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज लिहितो. राग मानू नका, स्पष्ट बोलतो. माझं मिक्सर, पंखे, पाण्याच्या मोटारी दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. तुमचं काम चांगलं आहे, बघून बरं वाटतं. पण तुम्ही पंख्याचा कपॅसिटर फुकटात बदलून देता, आणि मग तोच माणूस माझ्याकडं मोटार रिवाइंडिंगला (आतली जळालेली तार काढून नवीन गुंडाळायला) आला की म्हणतो, एवढे पैसे कशाचे, तिथं तर फुकट होतंय. दुकानाचं भाडं, लाईटबिल, एक पोरगा कामाला. लहान लहान कामांवरच दुकान चालतं, मोठं काम आठवड्यात एखादं. हौसेच्या लोकांनी फुकट केलं की हातच्या कामाची किंमतच राहत नाही. तुमचं उत्तर ऐकायचं आहे.

कानस

दादा, बरं झालं लिहिलंत, हे समोरासमोर बोलायला पाहिजेच. शेडमधे आम्ही रिवाइंडिंग करत नाही, फ्रीजचा गॅस करत नाही, वॉशिंग मशीनच्या बोर्डाला हात लावत नाही. ते येतं तेव्हा दुकानात न्या म्हणूनच सांगतो. येतं ते बहुतेक असं की लोक दुकानात न्यायलाच तयार नाहीत, थेट भंगार किंवा माळा. आजींचं मशीन दुकानात गेलं नसतं, भंगारात गेलं असतं.

पण किमतीचं तुम्ही म्हणता ते खरं आहे, ते मी झटकत नाही. शेजारी बसायचा नियम त्यासाठी पण आहे. तासभर बसून स्क्रू, चिकटा, टायमिंग सगळं बघितलेला माणूस पुढच्या वेळी दुकानात "एवढं काय केलंत" असं म्हणत नाही, त्याला कळलेलं असतं.

भोवरा

मधेच बोलतो. हा प्रश्न सगळीकडं आलाय. रिपेअर कॅफे म्हणतात ते २००९ मधे ॲमस्टरडॅमला सुरू झालं, मार्टिन पोस्टमा या बाईंनी. तिथंही वस्तूचा मालक शेजारी बसतो. बेंगळुरूला २०१५ पासून आहे. आपल्याकडं त्याच्या कितीतरी आधी पाबळला डॉ. कलबाग यांनी विज्ञान आश्रम काढला, १९८३ मधे, तिथं तर हातानं काम करत शिकणं हाच सगळा अभ्यासक्रम. म्हणजे हौशी लोकांनी काम शिकलं की कारागिराचं काम जातं असं नाही, बघायची नजर असलेलं गिऱ्हाईक तयार होतं.

आर्मेचर

पाबळचं ऐकून आहे, चांगलं काम. पण नजर असलेलं गिऱ्हाईक तयार व्हायला वर्षं लागतात, भाडं दर महिन्याला द्यायचं असतं. असो. माझं म्हणणं मांडलं.

एक मात्र उपयोगाचं सांगतो, तुमच्याकडं मिक्सर आले की पहिल्यांदा उलटा करून खालचं लाल बटण दाबून बघा. ओव्हरलोडचं बटण ते. चटणी घट्ट झाली की मोटारीवर लोड येतो आणि बटण उडतं, मिक्सर बंद. लोक घाबरून दुकानात आणतात, मी दाबून देतो आणि पैसे घेत नाही. चाललं नाही तर मग कार्बन ब्रश बघा, झिजून अगदी आखूड झाले असतील तर दोन्ही एकदम बदला, एक जुना एक नवीन ठेवू नका. आणि आतली तांब्याची गोल पट्टी काळी पडली असेल तर बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हातानं, जोर लावून घासलं की गेली.

कुपवाडकर

हे मोठ्या अक्षरात लिहून शेडमधे लावायला पाहिजे. माझ्याकडं एका कंपनीचा मिक्सर आलाय त्याचे खालचे स्क्रू तीन टोकाचे हायत, साधा पेचकस लागतच नाही. मुद्दाम कोणी उघडू नये म्हणून केलेलं दिसतंय.

आर्मेचर

तीन टोकांचा बिट मिळतो, मोबाईल रिपेअरवाल्यांच्या किटमधे असतो, मोठा पाहिजे असेल तर हार्डवेअरवाल्याकडं बिटांचा सेट मागा. घासून साधा पेचकस बसवू नका, स्क्रूचं डोकं खराब झालं की ड्रिलच करावं लागतं. उघडल्यावर परत साधे स्टारचे स्क्रू बसवा म्हणजे पुढच्याला त्रास नाही.

भोवरा

माझ्याकडून भोवरे. नावावरनं कळलंच असेल. शाळेतल्या मुलांना घेऊन येतो, पाचवी ते सातवी. प्लास्टिकचा लाँचरवाला भोवरा सगळ्यांनी बघितलेला, जाळी (दोरी) गुंडाळून फेकायचा लाकडी भोवरा बहुतेकांनी हातात धरलेला नव्हता. लेथवर मी कातून दिले, घासणं, रंग आणि आर (खालचा खिळा) ठोकणं मुलांनी केलं. बाभळीचं लाकूड घेतलं, जड आहे आणि चिवट, आपटून फुटत नाही. कातारी लोक पूर्वी यावरच करायचे. बाभूळ मात्र पूर्ण वाळलेली पाहिजे, ओली कातली की पुढं चीर जाते.

मुलांना सगळ्यात जास्त वेळ आर बसवायला लागला, आणि तोच खरा भाग आहे. खिळा बरोबर मध्यावर आणि सरळ नसेल तर भोवरा झोपत नाही, म्हणजे एका जाग्यावर शांत फिरत नाही, थरथरत पळतो. मध्य कसा काढायचा? एका मुलीनं स्वतःच शोधलं, भोवरा वहीच्या कागदावर ठेवून कडेनं गोल काढला, कागद कापला, दोनदा घडी घातली, घड्या जिथं मिळाल्या तो मध्य, मग तो कागद परत भोवऱ्यावर चिकटवून तिथंच टोच्या मारला. तिचा भोवरा सगळ्यात जास्त वेळ झोपला.

लेथजवळ मुलांना उभं करताना: बाह्या वर, ओढणी नाही, केस बांधलेले, गॉगल सगळ्यांना. यात सूट नाही.

खणभागची लेक

किती हुशार पोरगी! माझ्या भाच्याला आणू का? चौथीत आहे.

भोवरा

आणा की, लेथपासून लांब, घासायच्या टेबलावर बसवू.

गावभाग

थोडं वेगळं. आमचं घर गावभागात. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. आमच्या तळमजल्यात छतापर्यंत पाणी होतं. घरातला सागवानी देव्हारा त्या पाण्यात राहिला. उतरल्यावर धुतला, पण सांधे सैल झाले, दार लागेना, मागची फळी सुटली, तसाच माळ्यावर गेला. यंदा आई म्हणाली गौरी-गणपतीच्या आत तो परत खाली आणायचा.

शेडमधे आणला. टेबलावर ठेवून एकेक सांधा हलवला तर प्रत्येक कुसवातनं राखाडी पावडर गळायला लागली. पुराचा गाळ, तेव्हापासून आत बसलेला. तो गाळ असेपर्यंत सरस किंवा फेव्हिकॉल काही धरणार नाही, म्हणून सगळं सुटं करायचं ठरलं. जुन्या कामात खिळे नव्हतेच, बांबूच्या चिवा मारलेल्या, त्या मागनं हलक्या हातानं ठोकून बाहेर काढल्या. प्रत्येक तुकड्यावर पेन्सिलनं आकडा, आणि सुटं करायच्या आधी चारी बाजूंनी फोटो. दात घासायच्या ब्रशनं गाळ साफ, मग सावलीत वाळवणं. उन्हात नाही. भिजलेलं लाकूड उन्हात ठेवलं की बाहेरनं लवकर सुकतं, आतनं ओलं राहतं, आणि चिरतं. २०१९ ला आमच्या आळीत लोकांनी चांगली चांगली कपाटं रस्त्यावर उन्हात लावलेली, बरीच तिथंच फाटली. प्लायवुडचं तर विचारू नका, फुगून पदर सुटले, ते गेलंच. सागवान मात्र टिकलं.

कुसवं थोडी सैल झाली होती, तिथं सागाचीच पातळ पापुद्रा काढलेली पट्टी चिकटवून भरली. नवीन चिवा बांबूच्या, जाडजूड खाटेच्या काठीतनं चिरून. सगळं बसवल्यावर गुण्या लावून बघितलं, दार लागतंय. पॉलिश बाकी आहे, चपड्याचंच (लाखेचं) करणार. आई दर रविवारी शेडमधे येऊ शकत नव्हती पण जोडणीच्या दिवशी येऊन बसली होती, कुठली फळी कुठं होती ते तिलाच आठवत होतं, माझे फोटो दुसऱ्या नंबरला.

कानस

यातला गाळाचा भाग सगळ्यांनी परत वाचा. पुरातलं लाकडी सामान ज्यांच्याकडं अजून पडून आहे त्यांनी घेऊन या, नुसता फेव्हिकॉल ओतून शिकंजा लावू नका.

तारषड्ज

मी मिरजेचा, सतारमेकरांच्या गल्लीजवळच वाढलो, घरचा धंदा तो नाही पण कान त्या आवाजातच तयार झाला. एक प्रश्न मांडायचा आहे. एका बाईंनी त्यांच्या आईचा तंबोरा शेडमधे आणलाय. भोपळ्याला खालपासून वीतभर तडा, दोन खुंट्या न धरता आपोआप फिरतात आणि आवाज पार मेलेला. त्यांचं म्हणणं ऍरल्डाइट भरून टाकू, वर पॉलिश मारू. मी थांबवलं. इथल्या लोकांचं मत काय?

कुपवाडकर

ऍरल्डाइट तर सगळ्यात मजबूत, का नको?

तारषड्ज

मजबूत आहे म्हणूनच नको. वाद्याचा सांधा पुढं कधीतरी परत उघडावा लागतो, तबली (भोपळ्यावरची लाकडी झाकणफळी) काढावी लागते, गळा परत बसवावा लागतो. जुने कारागीर सरस वापरतात, तो ऊब आणि ओल दिली की सुटतो, लाकूड फाडावं लागत नाही. ऍरल्डाइट एकदा बसलं की पुढच्या कारागिरानं तिथं हात घातला तर भोपळाच फुटणार. शिवाय वरनं भरलेली फट आतनं मोकळीच राहते, आणि भोपळा हवेनं कमी जास्त होतो, परत तडकेल.

माझं मत स्पष्ट आहे, भोपळा आणि जवारी (तारा जिच्यावर टेकतात ती घोडी घासून आवाज जुळवणं) हे मिरजेला न्यावं. हे काम इथं १८५० च्या सुमारास हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी सुरू केलं, फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात, संस्थानिकांचा आधार होता, पुढं किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब इथंच राहिले. पिढ्यान्‌पिढ्या कानानं घोडी घासणारे लोक चालत जाण्याच्या अंतरावर असताना आपण कानस हातात घेऊ नये. २०२४ मधे मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, त्याचा अर्थ गिऱ्हाईक त्यांच्याकडं गेलं पाहिजे.

आर्मेचर

हे मात्र मनापासून पटलं. मी म्हणत होतो ते हेच.

कानस

मान्य. शेडमधे काय करायचं नाही याची यादी करतोच आहे, त्यात पहिलं नाव जवारीचं. पण मग शेडमधे त्यांनी काहीच करायचं नाही का? रिकाम्या हातानं पाठवणं मला बरं वाटत नाही.

तारषड्ज

करण्यासारखं आहे. खुंट्या ज्याच्या त्यानं बघाव्यात. काढून जुना मळ पुसायचा, मग पांढरा खडू खुंटीवर घासून परत आत दाबत फिरवायची, धरते. नाही धरली तर खुंटी झिजलीय, मग कारागीर. आणि त्या तंबोऱ्याला गवसणी नाही, जुन्या चादरीत गुंडाळून आणला होता. गवसणी शेडमधे शिवता येईल.

खणभागची लेक

गवसणी मी शिवायला मदत करते! १८ नंबरची सुई आहेच. माप कसं घ्यायचं तेवढं सांगा, भोपळ्याचा गोल कसा कापायचा.

तारषड्ज

ताई, भोपळ्याचा सगळ्यात जाड भाग सुतळीनं मोजा आणि चार बोटं जास्त धरा, कारण आत कापूस किंवा घोंगडीचं अस्तर येणार. दांडीचा भाग निमुळता. उघडायची बाजू मागनं ठेवा, घोडीच्या बाजूनं चेन आली तर काढता-घालताना तारांना लागते.

खुंटी

मीच ती तंबोरावाली. आजच खातं उघडलं, वाचत होते. आईचा तंबोरा मिरजेला नेला. तिथल्या कारागिरांना मी आधीच सांगितलं की मला शेजारी बसून बघायचंय, ते म्हणाले बसा की, चहा घ्या. त्यांनी तबलीच्या कडेनं ऊब देऊन पातळ पातं फिरवत फिरवत ती सुटी केली, एवढी सावकाश की मला वाटलं काही होतच नाहीये, आणि मग ती एकदम उचलून हातात आली. आतनं तड्यावर सरसात भिजवलेली कापडाची पट्टी, बाहेरनं फट भुशाच्या लुकणानं भरली. म्हणाले हे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडनं येतात, खायचे नाहीत, कडू असतात, जाड सालीचे, आणि एवढा चांगला जुना भोपळा टाकायचा नसतो.

वाळल्यावर परत गेले. तारा नवीन चढवल्या. मग घोडी. ते घोडीचा वरचा भाग अगदी एक-दोनदाच घासत आणि लगेच तार छेडून ऐकत, परत एकदा घासत, परत ऐकत. तारेखाली सुताचा दोरा पुढं-मागं सरकवला की आवाज मिटतो नाहीतर एकदम फुलतो, ते मला स्वतः करून बघायला दिलं. आईचा तंबोरा घरात कितीतरी वर्षं आहे आणि तो दोरा कशासाठी असतो हे मला आत्ता कळलं. पैसे त्यांनी सांगितले तेवढे दिले, एक रुपया कमी करा म्हणाले नाही. समोर बसून बघितल्यावर तसं म्हणवत नाही.

आर्मेचर

ताई, शेवटची ओळ वाचून बरं वाटलं.

कानस, आता तुम्हाला सांगतो. मी एखाद्या रविवारी सकाळी दुकान बंद ठेवून येईन. मिक्सरचं आर्मेचर (मोटारीतला तार गुंडाळलेला फिरता भाग) शॉर्ट आहे का हे मीटरनं कसं बघायचं आणि कुठल्या वेळी रिवाइंडिंगला पाठवायचं, कुठल्या वेळी नाही, एवढं शिकवतो. रिवाइंडिंग शिकायचं असेल कुणाला तर दुकानात या, नियमित या. हल्ली हे शिकायला पोरं येत नाहीत. शेडमधलं मात्र फुकट नको, प्रत्येकानं काहीतरी द्यायचं, ते मला नको, माझ्या पोराला द्या, तो पण शिकवायला येईल.

कानस

दादा, नक्की. पैशाचं तुम्ही म्हणाल तसं. आणि शेडच्या भिंतीवर फळा लावतोय, कुठलं काम शेडमधे होत नाही आणि त्यासाठी सांगलीत, मिरजेत कुणाकडं जायचं, दुकानदारांना विचारून त्यांच्या परवानगीनं. तुमचं पहिलं.

गावभाग

शेजारी बसायच्या नियमावर एक. माझ्या आईसारखी माणसं दर वेळी येऊन बसू शकत नाहीत, गुडघे, बीपी. त्यांच्या वस्तू परत पाठवणार का?

कानस

नाही. घरातलं दुसरं कोणीतरी बसलं तरी चालेल, नातू, सून, कोणीही. फक्त रिकामी खुर्ची नको. एवढं मी सोडणार नाही.

गावभाग

चालतंय. मग पुढच्या रविवारी पाण्याची मोटार आणतो, ती पण त्याच पुरातली. चालू करून बघून आणू का?

आर्मेचर

अजिबात नाही! पिन लावू नका. आत गाळ असेल तर वाइंडिंग जाईल आणि बॉडीला करंट येईल. उघडून आधी स्वच्छ गोड्या पाण्यानं गाळ धुऊन काढा, मग आठवडाभर कडक उन्हात वाळू द्या, मोटारीला ऊन चालतं. मी मेगर (तारेचं इन्सुलेशन तपासायचा मीटर) घेऊन येतो. ५०० व्होल्टवर वाइंडिंग आणि बॉडीमधे निदान एक मेगाओहम दाखवलं पाहिजे, जास्त असेल तेवढं चांगलं. त्याच्या खाली असेल तर अजून वाळवायची, तरी नाही आलं तर रिवाइंडिंग.

गावभाग

बरं, मग त्याच्या पुढच्या रविवारी आणतो. वाळू दे नीट.

कुपवाडकर

मेगर मी कधी हातात धरलेला नाय, मला पण बघायचाय. आणि पायमशीनचा चामडी पट्टा कुठं मिळंल, आमच्या मावशीचा तुटलाय.

कानस

शिलाई मशीनच्या सामानाच्या दुकानात मीटरवर मिळतो, जोडायची तारेची क्लिप पण मागून घ्या. दोन्ही चाकांवरनं जुना पट्टा ताणून माप घ्या आणि बोटभर कमी कापा, नवीन पट्टा ताणतो. मावशींना घेऊन या.